फळ्यावरची चाल कोर्टवर का चालत नाही?

वाचकांचे प्रश्न : बास्केटबॉल

गेल्या अंकात शालेय संघांच्या आक्रमणाविषयी प्रश्न मागवले होते. आलेली बहुतेक पत्रे ‘सेट प्ले’बद्दलचीच निघाली, म्हणून या वेळी तेवढाच विषय घेतला आहे. पाच खेळाडूंनी कोठे उभे राहायचे, चेंडू कोणाकडून कोणाकडे जायचा आणि शेवटी बास्केटची संधी कोणाला मिळायची, हे आधी ठरवून केलेल्या आक्रमणाला मी येथे ‘चाल’ म्हटले आहे. मैदानावर आपण सगळे ‘प्ले’च म्हणतो, याची मला कल्पना आहे.

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातील एका शाळेत क्रीडाशिक्षिका असून १४ वर्षांखालील मुलींचा संघ दोन वर्षे शिकवते आहे. यंदा मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून मी सात चाली वहीत उतरवल्या आणि फळ्यावर काढून समजावल्या. सरावात समोर कोणी नसताना मुली त्या अचूक करून दाखवतात. पहिल्याच सामन्यात मात्र एकही चाल शेवटपर्यंत गेली नाही. मुली मध्येच थांबत आणि माझ्याकडे पाहत. माझे कोठे चुकले, आणि या वयात किती चाली शिकवाव्यात?

उत्तर : सातांपैकी चार-पाच चाली सध्या वहीतच राहू द्या. मॅन टू मॅन बचावाविरुद्ध (यात प्रत्येक बचावपटू समोरच्या एका ठरलेल्या खेळाडूला सांभाळते) एक, फार तर दोन चाली आणि एंडलाईनवरून, म्हणजे रिंगमागच्या सीमारेषेवरून, चेंडू आत घेण्याची एक चाल एवढी शिदोरी १४ वर्षांखालील संघाला हंगामभर पुरते, असे माझे मत आहे, आणि हे मत मला फुकट मिळालेले नाही. काही वर्षांपूर्वी एका जिल्हा स्पर्धेसाठी मी मुलींना नऊ चाली शिकवल्या होत्या. उपांत्य सामन्यात आमची एक मुलगी विंगवर, म्हणजे कोर्टच्या बाजूकडच्या जागेवर, चेंडू घेऊन उभी असताना तिच्यावरची बचावपटू घसरून पडली, रिंगपर्यंतचा रस्ता मोकळा झाला, आणि आमच्या मुलीने शांतपणे चेंडू गार्डकडे, म्हणजे चाल सुरू करणाऱ्या मुलीकडे, परत दिला. टाइम आउटमध्ये मी जवळजवळ ओरडलेच. ती घाबरून म्हणाली, “मॅडम, पण चालीत तिथे पास होता ना?” मी शिकवले होते तेच तिने केले होते.

तुमच्या मुली मध्येच थांबतात त्याचे कारणही हेच आहे. चाल त्यांना पाढ्यासारखी पाठ झाली आहे. ‘सतरा चोक किती’ असे अचानक विचारले की मूल मनातल्या मनात ‘सतरा एके सतरा’पासून सुरुवात करते. सामन्यात समोरच्या मुलीने एक पास अडवला की पाढा तुटतो, पुन्हा पहिल्यापासून म्हणायला वेळ नसतो, आणि मग मुलगी बाकाकडे पाहू लागते. म्हणून चाल शिकवताना ‘यानंतर तू येथे जा’ एवढेच न सांगता, ‘येथे आल्यावर आधी कोणाकडे पाहशील, ती अडलेली असली तर कोणाकडे’ हे प्रत्येकीला प्रत्येक जागी विचारावे लागते.

एक चाल घेऊन सांगते. जॉन वूडन यांच्या मार्गदर्शनाखाली अमेरिकेतील यूसीएलए विद्यापीठाच्या संघाने १९६४ ते १९७५ या काळात राष्ट्रीय महाविद्यालयीन विजेतेपद १० वेळा मिळवले. त्या संघाच्या खेळातला एक कट, म्हणजे रिंगकडे घेतलेली झटपट धाव, आजही जगभर ‘यूसीएलए कट’ या नावाने ओळखला जातो आणि तो शाळकरी मुलींना सहज जमतो. एक नंबर, म्हणजे पॉइंट गार्ड, वरच्या बाजूला मध्यभागी. दोन आणि तीन नंबर उजव्या-डाव्या विंगवर. चार नंबर फ्री थ्रो लाईनच्या उजव्या टोकाशी. पाच नंबर डाव्या कोपऱ्यात, रिंगखालची जागा अडणार नाही इतकी लांब. एक नंबर चेंडू दोन नंबरला देते. त्याच क्षणी चार नंबर वर येऊन गार्डच्या बचावपटूच्या मागे स्क्रीन लावते, म्हणजे तिची वाट अडवून स्थिर उभी राहते, आणि गार्ड त्या स्क्रीनला खांदा घासून रिंगकडे धावते. दोन नंबरची पहिली नजर तिच्यावर हवी. ती मोकळी असेल तर पास आणि लेअप (रिंगजवळ जाऊन टाकलेला सोपा शॉट), चाल संपली.

ती मोकळी नसेल तर बहुधा चार नंबरच्या बचावपटूने तिला अडवण्यासाठी आपली जागा सोडलेली असते, म्हणजे आता चार नंबर मोकळी झालेली असते. स्क्रीन लावून झाल्यावर तिने तेथेच खांबासारखे उभे न राहता दोन पावले वर, चेंडूच्या दिशेने यायचे. ही दोन नंबरची दुसरी नजर. चेंडू चार नंबरकडे आला की ती शॉट घेईल, रिंगकडे ड्रिबल करेल किंवा डावीकडे तीन नंबरला पास देईल. तिसरी नजर ही. यातली एकही नजर पुढच्या पाच मीटरच्या बाहेर जात नाही, म्हणून बारा-तेरा वर्षांच्या मुलीला हे झेपते.

आता शिकवण्याचा क्रम. समोर कोणी नसताना पाच जणींकडून चाल करून घेण्यात आपण सगळेच सर्वांत जास्त वेळ घालवतो, आणि त्या वेळेचा उपयोग सर्वांत कमी होतो. माझी पद्धत अशी. पहिल्या दिवशी पूर्ण चाल पाच मिनिटे चालत चालत दाखवायची, म्हणजे मुलींना चित्र समजते. मग ती मोडायची. फक्त एक, दोन आणि चार नंबर घ्यायच्या, समोर तीन बचावपटू ठेवायच्या आणि अर्ध्या कोर्टच्या उजव्या भागात तीन विरुद्ध तीन खेळवायचे. सुरुवातीला बचाव करणाऱ्यांच्या कानात सांगायचे, ‘गार्डच्या मागे जाऊ नकोस’ किंवा ‘चार नंबरला सोडून गार्डला अडव’. आक्रमण करणाऱ्यांना ते माहीत नसते, त्यामुळे नजर वापरल्याशिवाय त्यांना बास्केट मिळत नाही. दोन आठवड्यांनी पाच विरुद्ध पाच करायचे. दीड तासाच्या सरावात चालींना वीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ देऊ नये, कारण लेअप चुकणाऱ्या संघाची चाल कितीही सुंदर असली तरी गुणफलक हलत नाही.

या चालीत नेहमी होणारी एक चूक येथेच सांगते. गार्ड पास देते आणि लगेच पळते. चार नंबर अजून पोहोचलेलीच नसते, त्यामुळे स्क्रीन हवेत लागते. पास दिल्यावर गार्डने आधी डावीकडे, स्क्रीनपासून दूर, दोन पावले टाकायची, बचावपटूला त्या बाजूला ओढायचे, चार नंबरचे पाय जमिनीवर रोवलेले दिसले की मग वळून पळायचे. मी मुलींना सांगते, “पास दिल्यावर एक श्वास घे.” ‘टायमिंग’ हा शब्द मी शंभर वेळा वापरला असेल, पण उपयोग झाला तो श्वासाचा.

फळ्याबद्दल दोन शब्द. खेळाडूची धाव सरळ रेषेने, पास तुटक रेषेने, ड्रिबल नागमोडी रेषेने आणि स्क्रीन रेषेच्या टोकाला आडवी दांडी काढून दाखवतात. ही चिन्हे मुलींना एकदा शिकवा, पण चाल शिकवायला फळ्यापेक्षा कोर्टची जमीन बरी. सिमेंटच्या कोर्टवर खडूने गोल काढा आणि मुलींना त्यांत उभे करा. पावसाळ्यात कोर्ट ओले असते तेव्हा मी व्हरांड्यात चिंचोके मांडते. पाच चिंचोके आमचे, पाच शर्टची बटणे त्यांची. चिंचोके मुलींनी स्वतः हलवायचे, मी बटणे हलवते. कोणाला चाल समजली आहे आणि कोण फक्त मान हलवते आहे, हे तेथे दोन मिनिटांत कळते.

मोठ्यांच्या चाली जशाच्या तशा उचलताना अंतराचे भान ठेवावे लागते. तीन गुणांची रेषा रिंगच्या मध्यापासून ६.७५ मीटरवर असते आणि व्हिडिओतले खेळाडू तिच्याही बाहेर उभे असतात. एवढ्या अंतरावरून तेरा वर्षांच्या मुलीचा विंगपर्यंतचा पास हवेत इतका वेळ राहतो की समोरची मुलगी तो आरामात पळवते. दोन खेळाडूंमध्ये चार मीटरच्या आसपास अंतर राहील इतके सगळ्यांना आत घ्या. त्याहून जवळ आणले तर एकच बचावपटू दोघींना सांभाळू शकेल.

शेवटी, त्या बाकाकडे पाहण्याबद्दल. पुढच्या दोन सराव सामन्यांत तुम्ही बाकावरून चालीचे नाव पुकारूच नका. चाल कधी लावायची हे गार्डला ठरवू द्या. फास्ट ब्रेक (समोरचा बचाव जमण्याआधी पळत जाण्याची संधी) मिळाला असताना तिने चाल लावण्यासाठी थांबण्याचे कारण नाही. माझ्या पाहण्यात या वयोगटातल्या बहुतेक बास्केट पळण्यातून आणि रीबाउंडमधूनच (चुकलेल्या शॉटचा चेंडू मिळवून) येतात. चालींना नावेही मुलींनाच ठेवू द्या. आमच्या यूसीएलए कटचे नाव गेली तीन वर्षे ‘भाकरी’ आहे. ते का, हे मला कोणी सांगितलेले नाही.

प्रश्न : माझा संघ १७ वर्षांखालील मुलांचा आहे. आमच्या चालींमध्ये स्क्रीन भरपूर आहेत, पण प्रत्येक सामन्यात चार-पाच वेळा पंच ‘इल्लीगल स्क्रीन’ म्हणून फाउल देतात. मुलांच्या मते पंच पक्षपाती आहेत. स्क्रीन लावताना नेमके काय पाहिले जाते?

उत्तर : एका सामन्यात पंच चुकू शकतात. प्रत्येक सामन्यात चार-पाच फाउल लागत असतील तर दोष स्क्रीनमध्येच शोधावा. नियम असा की धक्का लागतो त्या क्षणी स्क्रीन लावणारा स्थिर असला पाहिजे, त्याचे दोन्ही पाय जमिनीवर असले पाहिजेत, आणि त्याचे शरीर त्याच्या स्वतःच्या उभ्या जागेच्या मर्यादेत असले पाहिजे, म्हणजे कोपर, गुडघा किंवा कंबर बाहेर काढलेली चालत नाही. बचावपटू उभा असेल आणि स्क्रीन त्याच्या समोर किंवा बाजूला, त्याला दिसेल अशा ठिकाणी असेल, तर स्पर्श न करता हवे तितके जवळ उभे राहता येते. त्याच्या मागे, त्याला न दिसणाऱ्या ठिकाणी स्क्रीन लावली तर त्याला एक साधे पाऊल टाकता येईल इतकी जागा सोडावी लागते. बचावपटू पळत असेल तर त्याला थांबायला किंवा वळायला वेळ आणि अंतर द्यावे लागते, किमान एक पाऊल आणि जास्तीत जास्त दोन. मागच्या उत्तरातल्या यूसीएलए कटमधली स्क्रीन मागून लागते, म्हणून त्या एका पावलाच्या जागेकडे विशेष लक्ष द्यावे. हे सगळे पाळल्यावर जर बचावपटू येऊन आदळला तर जबाबदारी त्याची.

मुलांना हे शब्दांत सांगून फारसा उपयोग होत नाही. दोन्ही पायांवर एकदम थांबायला लावा, पाय खांद्याइतके फाकवून, आणि एका हाताने दुसऱ्या हाताचे मनगट धरून पोटाशी ठेवायला सांगा. मनगट धरले की कोपर बाहेर जात नाही. मग एक गोष्ट बारकाईने पाहा. तुमच्या मुलांचे बहुतेक फाउल स्क्रीन लावणाऱ्याच्या चुकीने होतात की कट करणाऱ्याच्या? माझा अंदाज दुसऱ्या बाजूचा आहे. कट करणारा घाईने निघतो, स्क्रीनपासून हातभर लांबून जातो, मधल्या फटीतून बचावपटू निसटू पाहतो, आणि स्क्रीनवाला त्याला अडवायला अर्धे पाऊल सरकतो. शिट्टी स्क्रीनवाल्याच्या नावावर वाजते, पण दुरुस्ती कट करणाऱ्याच्या पायांत करायची असते.

अशा फाउलवर समोरच्या संघाला फ्री थ्रो मिळत नाहीत, चेंडू मात्र त्यांचा होतो आणि तुमच्या मुलाच्या पाच फाउलांतला एक खर्ची पडतो. उंच सेंटर तिसऱ्या क्वार्टरमध्येच बाहेर बसला तर त्याची किंमत कळते. पंचांविषयीची तक्रार मात्र मुलांच्या तोंडी येऊ देऊ नका. ती सवय पुढे सुटत नाही.

प्रश्न : आमची चाल सुरूच होत नाही. गार्डकडे चेंडू येतो, पण विंगवरच्या दोघींच्या बचावपटू पासच्या वाटेत हात घालून उभ्या असतात. गार्ड ड्रिबल करत राहते आणि शेवटी चेंडू हरवते. (प्रशिक्षक, नागपूर)

उत्तर : चाल अडवायची सर्वांत स्वस्त युक्ती हीच, कारण पहिला पास झाला नाही की पुढची सगळी चित्रे निरुपयोगी होतात. पण तिच्यात एक मोठे भोक आहे. पासच्या वाटेत हात घालून उभी असलेली बचावपटू आक्रमकाच्या पुढे सरकलेली असते आणि तिच्या पाठीमागे, रिंगच्या बाजूला, कोणीच नसते. विंगवरच्या मुलीने एक पाऊल बाहेर टाकून चेंडू मागायचा, हात पुढे करायचा, बचावपटू आणखी पुढे झेपावली की त्याच पायावर वळून तिच्या पाठीमागून रिंगकडे पळायचे, आणि गार्डने टप्पा पास द्यायचा. याला ‘बॅकडोअर’ म्हणतात.

या कटची ताकद पाहायची असेल तर १९९६ चा प्रिन्स्टन विरुद्ध यूसीएलए हा अमेरिकेतील विद्यापीठ संघांचा सामना पाहावा. यूसीएलए आदल्या वर्षीचा राष्ट्रीय विजेता संघ होता. प्रिन्स्टनचे प्रशिक्षक पीट कॅरिल यांची सगळी पद्धत संयमाने चेंडू फिरवण्यावर आणि याच कटवर उभी होती. अखेरच्या सेकंदांत बॅकडोअर कटवर झालेल्या एका लेअपने प्रिन्स्टनने तो सामना ४३–४१ असा जिंकला. त्या क्षणी समोरच्या संघालाही हा कट येणार हे ठाऊक असणार, तरी तो अडला नाही, कारण पास अडवायला पुढे आलेले पाऊल मागे घ्यायला वेळच मिळत नाही.

शिकवताना इशारा मात्र ठरवून घ्या. आमच्याकडे विंगवरच्या मुलीने मूठ बंद करून दाखवली की बॅकडोअर, तळवा उघडा असला की साधा पास. इशारा नसेल तर गार्ड बाहेर पास देते आणि मुलगी आत पळालेली असते, मग चेंडू थेट साईडलाईनच्या बाहेर, पालकांच्या डब्यांत. एक जादा उपायही सांगते. विंगवर कोणत्याही तऱ्हेने पास जात नसेल तर चार नंबरने फ्री थ्रो लाईनच्या टोकाकडे वर यावे आणि गार्डने पहिला पास तिला द्यावा. तो पास होताच दोन्ही विंगवरच्या मुलींनी बॅकडोअर करायचा. दोनदा अशी बास्केट झाली की समोरच्या बचावपटू आपोआप दोन पावले मागे सरकतात, आणि मग तुमची मूळ चाल सुरू होते.

प्रश्न : समोरचा संघ २-३ झोन लावून बसला की आमच्या सगळ्या चाली फुकट जातात. झोनसाठी वेगळ्या चाली शिकवाव्यात का? आमचा संघ १४ वर्षांखालील मुलांचा आहे.

उत्तर : झोनमध्ये बचावपटू माणसामागे जात नाही, जागा राखतो. त्यामुळे एखाद्याला त्याच्या माणसापासून सोडवण्यासाठी लावलेली स्क्रीन तेथे कोणालाच सोडवत नाही. तुमच्या चाली फुकट जातात त्याचे कारण एवढेच. वेगळी चाल शिकवायची गरज नाही, उभे राहण्याच्या जागा बदलाव्या लागतात.

२-३ झोनमध्ये पुढे दोन बचावपटू असतात, म्हणून त्यांच्या समोर दोन गार्ड उभे करू नका, एकच ठेवा. दोघे विंगवर, एक फ्री थ्रो लाईनच्या मध्यावर, एक एंडलाईनवर. म्हणजे १-३-१. आता पुढच्या दोघांसमोर आपले तिघे झाले. चेंडू विंगवर गेला की पुढचा एक बचावपटू तिकडे जातो, परत वर आला की मागे येतो, दुसऱ्या विंगवर गेला की दुसरा जातो. पायांपेक्षा चेंडू वेगाने जातो. तीन-चार जलद पासनंतर फ्री थ्रो लाईनवरचा मुलगा बहुतेक वेळा मोकळा असतो. त्याला चेंडू मिळाला की त्याने रिंगकडे वळायचे. मधला उंच बचावपटू पुढे आला तर एंडलाईनवरचा मुलगा मोकळा, नाही आला तर शॉट. सरावात यासाठी एकच खेळ पुरतो : पाच विरुद्ध पाच, झोन लावलेला, आणि आक्रमण करणाऱ्यांना ड्रिबल करायला पूर्ण बंदी. पहिले काही दिवस आरडाओरडा होतो. नंतर चेंडू फिरू लागतो.

त्याहूनही सोपे म्हणजे झोन लागण्याआधी पोहोचणे. रीबाउंड घेताच पळणाऱ्या संघाला झोन क्वचितच पूर्ण बांधलेला भेटतो.

लहान मुलांच्या संघांनी झोन लावावा की नाही, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण मनात आहे म्हणून लिहिते. या वयातली मुले लांबून शॉट मारू शकत नाहीत, म्हणून झोन जिंकून देतो. मुलांना मात्र त्यातून एकासमोर एक बचाव करायला येत नाही. अमेरिकेत एनबीए ही व्यावसायिक लीग आणि यूएसए बास्केटबॉल ही राष्ट्रीय संघटना यांनी मिळून मुलांच्या खेळासाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्येही लहान वयोगटांत झोन टाळावा असेच सुचवलेले आहे. मी स्वतः एके काळी झोन लावून चषक आणलेले आहेत, त्यामुळे फार मोठ्या आवाजात बोलण्याचा हक्क मला नाही.

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहतो आणि मुलाच्या संघाला शनिवारी शिकवायला मदत करतो. मुले नऊ वर्षांची आहेत. त्यांच्यासाठी एखादी सोपी चाल सुचवाल का?

उत्तर : नाही सुचवणार. या वयात तीन विरुद्ध तीन खेळवा, पास देणाऱ्याने पास दिल्यावर रिंगकडे पळायचे हा एकच नियम ठेवा, आणि शक्य असेल तर रिंग खाली घ्या. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या मिनी बास्केटबॉलमध्ये १२ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी रिंग ३.०५ ऐवजी २.६० मीटरवर आणि चेंडू पाच नंबरचा असतो. तेवढ्या उंचीवर शॉट मारताना मूल चेंडू कमरेपासून फेकत नाही.

प्रश्न : एंडलाईनवरून, आमच्या आक्रमणाच्या रिंगखालून चेंडू आत घेताना गोंधळ होतो. दोनदा पाच सेकंद संपल्यामुळे चेंडू गेला. एखादी भरवशाची चाल सांगावी. (क्रीडाशिक्षक, रत्नागिरी)

उत्तर : सर्वांत कमी कष्टांत सर्वांत जास्त गुण देणारी चाल हीच, तरी सरावात तिला शेवटची पाच मिनिटेही मिळत नाहीत. सोपी रचना अशी. चेंडू टाकणाऱ्याच्या बाजूला, रिंगच्या जवळ सुरुवात करून, चौघांनी एकामागे एक रांग लावायची, तोंड चेंडूकडे. चेंडूवर थाप पडली की पहिला बाजूच्या कोपऱ्यात पळतो. दुसरा रिंगसमोरून पलीकडे वळतो. तिसरा थेट पुढे, रिंगखाली, त्या दोघांनी मोकळ्या केलेल्या जागेत येतो. चौथा वर, मध्यरेषेच्या बाजूला जातो, म्हणजे सगळे अडले तर सुरक्षित पास मिळतो आणि चेंडू गेला तर मागे एक जण असतो. सर्वांत चांगला लेअप मारणारा मुलगा तिसऱ्या जागी ठेवा. रांग उलगडताना बचावपटू एकमेकांना अडतात, म्हणून वेगळ्या स्क्रीनचीही गरज पडत नाही.

दोन गोष्टी घोटून घ्या. बास्केट झाल्यानंतर एंडलाईनवरून चेंडू टाकताना रेषेमागे पळता येते, पण इतर वेळी दोन्ही बाजूंना मिळून एक मीटरपेक्षा जास्त सरकता येत नाही. मुले या दोन्हींची नेहमी गल्लत करतात. आणि पाच सेकंद मोठ्याने मोजत सराव करा. तीन म्हटले की चेंडू चौथ्याकडे गेलाच पाहिजे, मग कोणी कितीही मोकळे दिसो. चेंडू टाकल्यावर टाकणाऱ्याने लगेच आत, रिंगच्या दुसऱ्या बाजूला यायचे. त्याच्यावर बहुधा कोणाचेच लक्ष नसते आणि परतीच्या पासवर तोच सर्वांत मोकळा मिळतो.

प्रश्न : माझी मुलगी शाळेच्या संघात आहे. तिच्या प्रशिक्षकांच्या सगळ्या चाली एका उंच मुलीच्या शॉटवर संपतात आणि माझ्या मुलीने फक्त स्क्रीन लावायची असते. ती आता सरावाला जायला कंटाळते. प्रशिक्षकांशी बोलावे का? (पालक, पुणे)

उत्तर : बोलावे, पण सामन्याच्या दिवशी नाही आणि इतर पालकांसमोर नाही. तक्रारीचा सूर न लावता एक विनंती करा : सरावात तरी सगळ्या मुलींना चालीतल्या पाचही जागांवर फिरवता येईल का? हे त्यांच्याही फायद्याचे आहे. ती उंच मुलगी आजारी पडली किंवा पाच फाउलवर बाहेर गेली तर सगळ्या चाली एकदम बंद पडतात. शिवाय चौदाव्या वर्षी उंच असलेली मुलगी अठराव्या वर्षी संघात सर्वांत उंच असेलच असे नाही. जिला आज फक्त रिंगखाली उभे केले, तिला पुढे ड्रिबल न आल्यामुळे संघाबाहेर बसलेले मी पाहिले आहे. म्हणजे या व्यवस्थेत तोटा तुमच्या मुलीइतकाच तिचाही आहे.

मुलीशी बोलताना मात्र स्क्रीनला कमी लेखू नका. स्क्रीन लावून चेंडूकडे वळणारी खेळाडू हीच चालीतली दुसरी मोकळी खेळाडू असते, हे वर पहिल्या उत्तरात आलेच आहे. ती वळते का, हात वर करून चेंडू मागते का, हे पुढच्या सामन्यात पाहा. ती वळत असेल आणि तरीही तिच्याकडे कोणी पाहत नसेल, तर प्रशिक्षकांना सांगण्यासारखी नेमकी गोष्ट तुमच्या हाती येईल. मी स्कोअरशीटच्या मागे एक वेगळा रकाना आखते आणि कोणाच्या स्क्रीनवरून बास्केट झाली ते तेथे लिहिते. सामना संपल्यावर मुली आपले गुण बघण्याआधी ते पान उलटतात.